शेटजींचे पोते आणि गाडगेबाबांचे गाडगे

चैत्र लागला की चंद्रपुरात महाकालीची यात्रा भरते. जुनी माणसे अजून या शहराला चांदाच म्हणतात. नांदेड-परभणीकडचे भाविक लेकराबाळांसह येतात, झरपटीच्या काठी उतरतात, आंघोळ करून देवीला जातात. तिकडे महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला वैनगंगेच्या तीरी माणूस लोटतो. अशा यात्रांच्या दिवसांत बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या मनातही धर्म जागा होतो. कोणी तांदळाची पोती उतरवून देतो, कोणी तुरीची डाळ, कोणी गूळ, कोणी दुकानात पडून राहिलेली लुगडी-धोतरे काढतो. मंडप पडतो, देणाऱ्याच्या नावाचा फलक लागतो, पंगती उठतात. चांगली गोष्ट आहे. अन्नदानाला नावे ठेवील तो वारकरी कसला?

पण ज्या सेवेकऱ्याला ते पोते खांद्यावर घ्यायचे असते आणि त्यातला घास लोकांच्या पानात वाढायचा असतो, त्याला काही गोष्टी टोचतात. गिरणीतला तांदूळ विकून झाला आणि उरलेल्या कण्या तेवढ्या धर्माला आल्या, तर त्या घ्याव्यात काय? भिजून वास लागलेले पोते आले तर देणाऱ्याच्या तोंडावर परत करावे की गुपचूप गुरांपुढे ओतावे? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न हा. आमच्या रानात जुन्या काळी मिठाच्या मापाला चारोळीचे माप घेऊन जाणारे व्यापारी हिंडत. गोंड-माडिया माणसाचे मोहफूल पडत्या भावाने घ्यायचे आणि पावसाळ्यात त्यालाच दुप्पट दराने धान्य द्यायचे, असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. अशाच्या घरून यात्रेच्या दिवशी पोते आले, तर त्याला हात लावावा की नाही?

या प्रश्नांची उत्तरे पोथीत शोधू गेल्यास फार पाने उलटावी लागतील. एका माणसाच्या आयुष्यात मात्र ती धडधडीत दिसतात. तो माणूस आमच्याच विदर्भातला, वऱ्हाडच्या मातीतला. म्हणून या अंकी श्रीगाडगेबाबांचे चरित्र या एका बाजूने सांगावे असे योजिले आहे. त्यांचे झाडणे, त्यांचे कीर्तन पुष्कळांनी सांगितले आहे. व्यापाऱ्याच्या घरचे उरलेले त्यांनी कसे घेतले आणि कुठे पोचविले, तेवढेच आपण पाहू.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी आणि सखुबाई या परीट दांपत्याच्या पोटी मूल जन्मले. नाव डेबूजी. परिटाचे घर, म्हणजे गावाची धुणी आपल्या पाठीवर. घर तसे खाऊनपिऊन बरे होते, पण बापाला दारूचे व्यसन लागले आणि त्यातच तो लवकर गेला. आई लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला. आजोबा हंबीरराव, मामा चंद्रभान. घरी शेती होती, गुरे होती. डेबूजी शाळेत गेला नाही. गुरे वळणे, नांगर धरणे, रात्री देवळात भजनाला बसणे, हीच त्याची शाळा.

आता नीट ऐका, कारण पुढल्या सगळ्याचे मूळ इथे आहे. मामा साधा माणूस, लिहिता-वाचता न येणारा. सावकाराने कागद पुढे करावा आणि मामाने अंगठा उठवावा, असे चालले होते. फेडीचे पैसे जात होते, पण कर्ज काही फिटत नव्हते. एके दिवशी कळले की शेतच सावकाराचे झाले. मामाने हाय खाल्ली आणि तो त्यातच गेला. जवान डेबूजी मात्र शेतात नांगर घेऊन उभा राहिला. सावकार माणसे घेऊन ताबा घ्यायला आला, तेव्हा डेबूजीने त्यांना बांधावरून परत लावले, असे चरित्रकार सांगतात. सावकाराला त्या वेळी माघार घ्यावी लागली. गावाला मोठे नवल वाटले. तोवर सावकारापुढे कोणी मान वर करत नसे.

म्हणजे ज्याच्या हाती थैली आहे तो काय करू शकतो, हे या पोराने स्वतःच्या घरात पाहिले होते. पुढे हाच माणूस थैलीवाल्यांच्या दारात उभा राहून लोकांसाठी मागणार होता. ही गाठ विसरू नका, मंडळी.

१८९२ साली कुंताबाईशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली, तिच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू देण्याची रीत. डेबूजीने ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. पंचमंडळी रुसली, कुरकुरली, पण जेवून गेली. प्रपंच चालू होता, पण मन त्यात नव्हते. १९०५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला पहाट व्हायच्या आत डेबूजी घरातून निघाला. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मडके. बारा वर्षे तो हिंडला. कुणी गोधडेबुवा म्हटले, कुणी चिंधेबुवा, कुणी लोटके महाराज. शेवटी हातातल्या गाडग्यावरून गाडगेबाबा हेच नाव टिकले. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, अंगावर चिंध्या जोडून शिवलेली गोधडी आणि हातात खराटा. गावात शिरायचे ते झाडायला लागायचे. भाकर मिळाली तर गाडग्यात घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे.

इथे आमच्या मनात एक विचार येतो, तो सांगून टाकतो. बाबांच्या अंगावरची गोधडी म्हणजे लोकांनी टाकून दिलेल्या चिंध्या. गाडगे म्हणजे कुंभाराच्या घरची सर्वांत स्वस्त वस्तू. समाजाने उरलेले, फेकलेले म्हणून जे बाजूला सारले, तेच या माणसाने अंगावर घेतले. पण दुसऱ्याला देण्याची वेळ आली की त्यांनी चिंध्या कधी दिल्या नाहीत. तिथे लुगडे धड लागे, घोंगडी उबदार लागे, जेवणात गोड लागे. स्वतःला उरलेले आणि दुसऱ्याला चांगले, हे त्यांचे माप. आपण बहुधा हेच माप उलटे धरतो.

दापुऱ्याहून फार लांब नाही, पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. काठाला चिखल असा, की आंघोळ करून वर यावे तो माणूस पुन्हा भरायचा. म्हातारीकोतारी घसरून पडायची. बाबांनी तिथे घाटाचे काम काढले. १९०८ च्या सुमाराची ही गोष्ट. घर सोडून तीन वर्षे झालेली, पदरी दमडी नाही, आणि हा फाटका माणूस घाट बांधायला निघाला! आधी स्वतः हातात टोपले घेतले. ते पाहून यात्रेकरू ओळीने उभे राहिले. मग ज्यांच्या पेढ्या होत्या, दुकाने होती, त्यांनाही लाज वाटली म्हणा की भक्ती उपजली म्हणा, त्यांचाही हात लागला. घाट झाला, लक्ष्मीनारायणाचे देऊळ झाले.

त्याच ऋणमोचनला पुढे बाबांनी आंधळ्या-पांगळ्यांच्या आणि महारोग्यांच्या पंगती सुरू केल्या. यात्रा म्हटली की भिकारी येणारच. लोक त्यांच्यापुढे उष्टे-शिळे टाकतात आणि पुण्य पदरी पडले असे समजतात. बाबांनी त्यांना मानाने रांगेत बसविले, पत्रावळ मांडली, आणि ताजे अन्न वाढले. वर अंगावर घालायला कपडा, थंडीला घोंगडी. पौषातली वऱ्हाडची थंडी ज्याने सोसली आहे त्याला घोंगडीची किंमत सांगावी लागत नाही. इथे जातीपातीची वेगळी रांग नव्हती. ज्याच्या जवळ जायला लोक भीत त्या महारोग्याला बाबा स्वतः वाढीत. आणि पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी गोळा करायलाही तेच पुढे.

एवढे धान्य, एवढे कापड येणार कुठून? शेतकऱ्याच्या घरून पायली-अधोली येई, पण मोठी भर पडे ती व्यापारी-पेठांतून. ज्याच्या गोदामात माल आहे, तोच पोती देणार. बाबा शेटजीच्या घरी जेवायला बसत नसत. पक्वान्नाचे ताट समोर आले तरी त्यांना कोरडी भाकर आणि चटणी लागे, तीही गाडग्यात. हार घालून घेत नसत, पाया पडू देत नसत. कोणी वाकला तर काठी उगारीत. कीर्तनाची बिदागी घेत नसत. त्यामुळे देणाऱ्याला त्यांच्याशी सौदा करायला जागाच उरत नसे. ज्याला काही नको आहे त्याला विकत घेणार कसे? बुवाला रेशमी उपरणे दिले, बुवाने कीर्तनात चार शब्द चांगले बोलले, असा जो गोड व्यवहार कित्येक ठिकाणी चालतो, तो इथे बंद होता. माल येई तो सरळ कामावर जाई, आणि हिशेब त्या कामावर नेमलेल्या विश्वासू माणसाकडे राही.

आता तो अवघड प्रश्न. ज्याच्या मामाचे शेत सावकाराने गिळले, त्याने धनवंतांकडून पोती कशी घेतली? आम्हाला वाटते, याचे उत्तर त्यांच्या कीर्तनात आहे. रात्री हजारो लोक जमत. पुढे शेतकरी, मजूर. बाजूला गावचे शेटसावकारही बसलेले. आणि बाबा त्याच सभेत शेतकऱ्याला बजावत की कर्ज काढू नका, लग्नासाठी काढू नका, देवाच्या नावानेही काढू नका. कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येईल एवढे तरी पोराला शिकवा. धर्मशाळेला मदत करणारा समोर बसला आहे म्हणून ते आवाज खाली आणत नसत. देणगी घेतली म्हणून तोंड बंद झाले, असे त्यांच्या बाबतीत घडले नाही. पोते घेतले ते भुकेल्याचे होते म्हणून घेतले, आणि पोते दिले म्हणून देणाऱ्याचे इतर व्यवहार धुऊन निघाले असा दाखला त्याला दिला नाही.

हा भेद बारीक आहे, पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीला तो फार लागू आहे. इथे कोळसा निघतो, सिमेंट होते, कागद होतो, भाताच्या गिरण्या गावोगाव आहेत. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातला काही भाग समाजकार्याला लावण्याचा कायदाही आहे. ब्लँकेटे वाटली जातात, वह्या वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात. घेणाऱ्याने घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण मोहफुलाचा भाव, बांबूचा भाव, मजुरीचा हिशेब हे बोलणे ब्लँकेटाखाली झाकू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. तो त्यांचा हक्क होता, कोणाचे दान नव्हते. बाबा असते तर त्या गावात खराटा घेऊन नक्की गेले असते. असो, हा आमचा आपला तर्क.

पंढरीकडे वळू. बाबा आषाढी-कार्तिकीला पंढरपुरास जात, चंद्रभागेचे वाळवंट झाडत, रात्री तिथेच कीर्तन करत. पण राउळात दर्शनाला ते गेले नाहीत, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. आपल्या वारकऱ्यांपैकी काहींना हे रुचणार नाही. पण वाळवंटात त्यांनी जे पाहिले तेही खोटे नव्हते. शेकडो कोस चालून आलेली माणसे उघड्यावर पावसात पडलेली. त्यांतही ज्यांना अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेले, त्यांना कोणाच्या ओसरीवरही जागा नाही. चोखोबांच्या कुळातली माणसे चोखोबांच्याच गावी उपरी! म्हणून १९१७ च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे तिथेच मराठा धर्मशाळा झाली. नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीही धर्मशाळा झाल्या.

धर्मशाळा म्हणजे चार भिंती नव्हेत, बरं का. ज्याने चालविली त्यालाच ठाऊक. पातेली लागतात, घागरी-बादल्या लागतात, सतरंज्या लागतात, कंदील लागतात, सरपण लागते. भांड्याच्या दुकानातले पोचा आलेले पातेले बाजारात कमी दराने जाते, पण धर्मशाळेत त्यात पन्नास माणसांचा भात शिजतो. कापडाच्या ठाण्याचा तुकडा उरला तर गिऱ्हाईक घेत नाही, पण दोन पोरांच्या बंड्या होतात. दुकानदाराच्या उरल्याला खरी किंमत येते ती अशा जागी. मात्र मधे कोणीतरी असा पाहिजे, की ज्याला काय कुठे लागते ते ठाऊक आहे आणि ज्याच्या घरात त्यातले काही मुरत नाही. बाबांनी हे मधले काम आयुष्यभर केले.

मुरत नाही म्हणजे किती, तेही ऐका. लक्षावधी रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण कुंताबाई गरिबीतच राहिल्या. बायकोमुलांना संस्थांच्या मिळकतीवर बाबांनी हक्क ठेवला नाही. एकुलता हाताशी आलेला मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली, आणि कीर्तन थांबले नाही, ही गोष्ट तर महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. आम्हाला स्वतःला ती ऐकताना दर वेळी कुंताबाईंचीच आठवण होते. त्या माउलीने काय सोसले असेल, ते कोणी लिहून ठेवले नाही.

१९४९ साली बाबा मुंबईत आजारी असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांना भेटायला गेले. त्या वेळी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दिली. बत्तीस वर्षांपूर्वी दारोदार फिरून उभी केलेली वास्तू! पण काळ बदलला होता. आता यात्रेकरूच्या आसऱ्यापेक्षा त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची निकड अधिक होती. देणे उरल्याचेच असते असे नाही, हे यावरून कळते. सातारकडे कर्मवीर भाऊराव पाटलांशीही त्यांचा असाच जिव्हाळा होता, आणि १९५४ साली कऱ्हाडला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय निघाले ते बाबांच्या नावाने.

त्याच सुमारास मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. खेड्यातला माणूस आजारी लेकराला घेऊन मुंबईला येतो, लेकराला खाट मिळते आणि बाप फुटपाथवर झोपतो, हे बाबांनी पाहिले होते. आज दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगी आणि त्यांची माणसे तिथे उतरतात. आमच्या अहेरी-सिरोंचाकडून कोणावर तो प्रसंग आलाच, तर हा पत्ता ध्यानी असू द्यावा.

वय झाले होते, शरीर थकले होते. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली, म्हणजे ठिकठिकाणच्या धर्मशाळा, सदावर्ते, शाळा एका व्यवस्थेखाली आल्या. लेखी व्यवस्था करण्याची बाबांची निकड समजण्यासारखी आहे. मामाचा अंगठा ज्या कागदावर उठला होता, त्या कागदाने घर बुडविले होते. आता त्याच कागदाने गरिबांची मालमत्ता कोणाच्या घशात जाऊ नये म्हणून बांधून ठेवली.

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले. पुढच्या महिन्यात, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. ज्याने गावोगाव छप्परे उभी केली, त्याचा शेवट रस्त्यावर, चालत्या गाडीत झाला. देह अमरावतीला नेला, तिथे समाधी आहे.

दहा-बारा दिवसांनी पौष लागला आणि ऋणमोचनची यात्रा आली. पूर्णेच्या घाटावर लोक उतरले, आंघोळ करून पायऱ्यांनी वर आले. पायांना चिखल लागला नव्हता.